रेड ५ मधल्या चारपैकी दोन डिस्क उडाल्या, कुणी डेटा परत काढलाय का? (अर्जंट)

लेन्सवाला_कराड
नमस्कार मंडळी. एरवी मी फोटोग्राफीच्या विभागातच पडीक असतो, पण आज पार वाट लागलीये म्हणून इकडे आलो. माझा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. २०१९ ला चार खणांचा एक नॅस बॉक्स (नेटवर्कवर फाईली ठेवायचा डिस्कचा डबा) घेतला, त्यात ४ टीबीच्या चार डिस्क, रेड ५. म्हणजे १२ टीबी, बॉक्स दाखवतो १०.९, त्यातले ८.७ भरलेत.
दसऱ्याला ३ नंबरच्या डिस्कचा दिवा लाल झाला आणि बॉक्स बीप बीप करायला लागला. स्टुडिओत एका नवरीकडचे अल्बम बघायला बसले होते, त्यांच्यासमोर नको म्हणून मी बीप बंद केला. सगळं चालू होतं, फोटो उघडत होते, म्हटलं रेड आहे ना, एक गेली तरी चालतं. तुळशीचं लग्न झालं, सीझन सुरू झाला, नऊ लग्नं त्याच बॉक्सवर टाकली. परवा एकदाची नवीन डिस्क आणून ३ नंबरमध्ये लावली, रिबिल्ड (बाकी डिस्कवरून हिशोब करून नवी भरणं) सुरू झालं आणि ६३ टक्क्यांवर १ नंबरची डिस्क पण बाहेर पडली. आता स्क्रीनवर लाल अक्षरात 'व्हॉल्यूम क्रॅश्ड'.
इथला हार्डवेअरवाला म्हणतो सगळं परत इनिशियलाईज करू, चालू होईल. आत सात वर्षांचं काम आहे, अडतीस घरांचे अल्बम अजून द्यायचेत. आणि वडिलांनी काढलेल्या जुन्या फोटोंचे स्कॅन पण त्यातच आहेत. काय करू?

सर्व्हररूम
आधी बॉक्स बंद कर आणि प्लग काढ. मग खालचे प्रतिसाद वाच.

पम्या
आणि त्या हार्डवेअरवाल्याला चहा पाजून घरी पाठव. इनिशियलाईजने बॉक्स चालू होईल हे तो खरं सांगतोय, आत काही नसेल एवढंच.

झोपाळू
रेड ५ म्हणजे नक्की काय रे भाऊ? मला फक्त इन्कम टॅक्सची रेड माहितीये.

चहात_साखर_नको
@झोपाळू, सोप्पंय. तीन मित्र मिसळ खायला गेले. प्रत्येकाने आपापला आकडा कागदावर लिहिला आणि चौथ्या कागदावर एकूण बिल लिहिलं. एकाचा कागद हरवला तर एकूणातून बाकी दोघांचे वजा केले की त्याचा आकडा मिळतो. दोन कागद हरवले की बसा बोंबलत. लेन्सवालाचे दोन हरवलेत.

खडूस_काका
बेरीज नसते हो ती, एक्सॉर (बिटांचा एक हिशोब) असतो. आणि एकूण बिल कायम चौथ्याकडेच नसतं, प्रत्येक पट्ट्याला (डेटाच्या ओळीला) वेगळ्या डिस्कवर फिरतं. एकाच डिस्कवर ठेवलं तर ते रेड ४. अर्धवट माहिती देऊ नये.

चहात_साखर_नको
काका, मिसळीचं बिल एक्सॉर करून दिलं तर हॉटेलवाला मारेल.

सर्व्हररूम
आता नीट लिहितो. वीस वर्षं याच धंद्यात आहे, असले आठ-दहा अ‍ॅरे (असे डिस्कचे गट) हाताखालून गेलेत, त्यातले दोन गेले ते गेलेच, हेही आधीच सांगतो.
तुझ्या गोष्टीत महत्त्वाचं एकच आहे: कोणती डिस्क कधी पडली. ३ नंबर दसऱ्याला पडली. त्यानंतर सहा आठवडे बॉक्स १, २ आणि ४ वर चालला आणि त्यावर नऊ लग्नं लिहिली गेली. म्हणजे ३ नंबरची जुनी डिस्क आता शिळी आहे. तिला वाटतंय अजून दसराच आहे. ती १ च्या जागी घुसवून अ‍ॅरे जबरदस्तीने उभा केलास तर जिथे जिथे सहा आठवड्यांत काही लिहिलंय तिथे हिशोब जुळणार नाही, फाईल सिस्टीमचा लगदा होईल. १ नंबर मात्र परवा पडली, तीही रिबिल्ड चालू असताना. तिच्यावरचा डेटा जवळपास आजचा आहे. तेव्हा हवीये ती १ नंबर. बहुतेक वेळा अशी डिस्क पूर्ण मेलेली नसते, तिच्यावर चार-दोन जागा वाचता येत नसतात इतकंच.
मला हवंय ते: (अ) चारही डिस्कचं मॉडेल, (ब) १ नंबरचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्कच्या तब्येतीचा), त्यातला 'करंट पेंडिंग सेक्टर' (वाचता न आलेल्या जागा) चा आकडा, (क) जुनी ३ नंबर कुठे आहे. आणि डिस्क काढताना प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नंबर लिही, लेबलवरच्या सीरियल नंबरचा मोबाईलने फोटो काढ. हे आत्ता बावळटपणाचं वाटेल पण रात्री दोन वाजता चार सारख्या दिसणाऱ्या डिस्क टेबलावर असतात तेव्हा कळतं.

अण्णा_६९
डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. आमच्या ऑफिसात २००४ साली चालू झाली होती.

मेधा_डोंबिवली
अण्णा प्लीज! आमच्या धाकट्या दिरांनी हा प्रयोग केलाय. मटारच्या पिशवीशेजारी डिस्क. सकाळी बाहेर काढून लगेच लावली, आत दव धरलं असणार, दोन मिनिटं खर्रर्र आवाज आला आणि संपलं. डेटा गेला तो गेला, सासूबाई अजून विचारतात फ्रीजरमध्ये काय ठेवलं होतं ते.

लेन्सवाला_कराड
सगळ्यांचे आभार. प्लग काढलाय. पट्ट्या लावल्या.
(अ) चारही एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या, एकच मॉडेल, साध्या डेस्कटॉपच्या. नॅसच्या महाग होत्या म्हणून.
(ब) पेंडिंग सेक्टर ४८.
(क) हे सांगायची लाज वाटतेय. जुनी ३ नंबर भाच्याने त्याच्या विंडोजच्या मशीनला लावली, 'बघतो काही निघतंय का' म्हणाला. विंडोजने विचारलं 'इनिशियलाईज करायची का' आणि त्याने हो म्हटलं. मी काल त्याला इतका बोललो की तो घरी न जेवताच गेला.

पम्या
😶

सर्व्हररूम
भाच्याला फोन करून जेवायला बोलाव. ती शिळी डिस्क तशीही वापरायची नव्हती. शिवाय विंडोजच्या इनिशियलाईजने फक्त पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठून कुठवर ती यादी) नवं लिहिलं जातं, पोटातला डेटा तिथेच असतो. असल्या बॉक्समध्ये चारही डिस्कची पार्टिशन सारखीच पाडलेली असतात, वेळ आलीच तर २ नंबरचं टेबल बघून परत लिहिता येतं. ती डिस्क कागदात गुंडाळून कपाटात ठेव. फॉरमॅट मात्र केलं नाही ना?

लेन्सवाला_कराड
नाही, मी तेवढ्यात ओरडलो.

कोकणी_बाणा
थोडं अवांतर, पण या सगळ्यापेक्षा निगेटिव्ह बऱ्या होत्या असं नाही वाटत? आमच्या आजोबांच्या निगेटिव्ह पत्र्याच्या पेटीत चाळीस वर्षं होत्या, ना बीप ना लाल दिवा.

ऋतुजा_एस
कोकणी म्हणवता आणि निगेटिव्ह टिकल्या म्हणता? आमच्या रत्नागिरीच्या घरी एका पावसाळ्यात सगळ्या पाकिटांना बुरशी, निगेटिव्ह एकमेकींना चिकटून वीट झाली होती. आईच्या लहानपणीचा एकही फोटो नाही आमच्याकडे.

कोकणी_बाणा
आमची पेटी चुलीच्या वर माळ्यावर असायची, धुराने कोरडी राहत असेल.

खडूस_काका
म्हणजे नॅस चुलीवर ठेवावा असं म्हणायचंय का?

बंड्या_न्यूजर्सी
मूळ मुद्द्यावर. हे व्हायचंच होतं. स्वस्त डिस्कच्या कागदावर लिहिलेलं असतं, १०^१४ बिट वाचले की एखादी वाचता न येणारी जागा येऊ शकते. १०^१४ बिट म्हणजे १२.५ टीबी. तुमच्या रिबिल्डला उरलेल्या तीन डिस्क पूर्ण वाचाव्या लागतात, ३ गुणिले ४ म्हणजे १२ टीबी. करा हिशोब. म्हणून मोठ्या डिस्कवर रेड ५ वापरूच नये, रेड ६ घ्या, त्यात दोन गेल्या तरी चालतं.

सर्व्हररूम
@बंड्या, हा हिशोब मीही पूर्वी लोकांना ऐकवायचो. पण तो कंपनीने स्वतःला वाचवायला लिहिलेला आकडा आहे, प्रत्यक्षात डिस्क त्याहून बऱ्याच चांगल्या निघतात. माझ्याकडे याच साईजचे अ‍ॅरे दर महिन्याला पूर्ण वाचून तपासले जातात आणि महिनोन् महिने एक एरर येत नाही. तुझा आकडा खरा धरला तर दर महिन्याला बोंब व्हायला हवी.
लेन्सवालाच्या इथे वेगळं झालंय असं मला वाटतं. २०१९-२० ची लग्नं एकदा अल्बम दिला की कोण उघडतं? डिस्कवरची ती जागा केव्हातरी खराब झाली आणि कुणी वाचलीच नाही म्हणून कळलं नाही. चारही डिस्क ठणठणीत असताना स्क्रबिंग (अधूनमधून सगळ्या डिस्क वाचून तपासणं) चालू असतं तर बॉक्सने ती जागा वाचायचा प्रयत्न केला असता, जमलं नसतं, मग बाकी तिघींवरून हिशोब करून तिथेच परत लिहिली असती. डेबियन लिनक्समध्ये तर महिन्याच्या पहिल्या रविवारी ही तपासणी आपोआप होते. नॅसमध्ये बऱ्याचदा ती आपण चालू करावी लागते. लेन्सवाला, तू केली होतीस?

लेन्सवाला_कराड
स्क्रबिंग हा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकला. मला ते भांडी घासायचं वाटलं.

खडूस_काका
आणखी एक. डेस्कटॉपची डिस्क एखादी जागा वाचता येईना की हट्टाला पेटते, मिनिट-दोन मिनिटं तिथेच घासत बसते. लिनक्स साधारण ३० सेकंद वाट बघतं आणि मग ही मेली म्हणून सोडून देतं. नॅसच्या डिस्क ७ सेकंदांत 'नाही जमत' सांगून मोकळ्या होतात, मग बॉक्स बाकीच्यांना विचारून काम भागवतो. ४८ सेक्टरसाठी पूर्ण डिस्क बाहेर काढली ती यामुळेच. दोन हजार वाचवायला गेलात.
नवीन आणलेली कोणती आहे? एसएमआर नाही ना?

झोपाळू
एसएमआर म्हणजे?

खडूस_काका
कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या ट्रॅकच्या डिस्क. मधलं एक कौल बदलायचं तर वरची सगळी उचलावी लागतात. रिबिल्डसारखं सलग लिहायला गेलं की गुदमरतात. २०२० ला वेस्टर्न डिजिटलच्या चक्क नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेत काही मॉडेल अशी निघाली, बॉक्सवर कुठे लिहिलेलं नव्हतं, लोक खवळले, मग साध्या ट्रॅकच्या डिस्कना 'रेड प्लस' असं वेगळं नाव द्यावं लागलं. म्हणून विचारतो.

बंड्या_न्यूजर्सी
आणि चारही एका लॉटच्या! एका दिवशी जन्मलेल्या डिस्क एका आठवड्यात मरतात. २०१९ ला एचपीई कंपनीच्या काही सर्व्हर एसएसडीत फर्मवेअरची (आतल्या प्रोग्रामची) चूक निघाली होती, ३२,७६८ तास भरले की डिस्क बंद, डेटासकट. दोनाचा पंधरावा घात! सोळा बिटांत तास मोजले की ३२,७६७ नंतर आकडा उलटा फिरतो, तोच हा आकडा. एकत्र चालू केलेल्या सगळ्या एकाच तासाला गेल्या असत्या, तिथे रेड ६ घेऊन तरी काय केलं असतं.

पम्या
मग वर रेड ६ घ्या कोण म्हणालं होतं 🤔

लेन्सवाला_कराड
पुण्यातल्या एका रिकव्हरीवाल्याला फोन केला होता. ८५ हजार म्हणाला, डेटा नाही तर पैसे नाहीत, पण 'बघायचे' पाच हजार आधी. द्यावं का?

चहात_साखर_नको
मी एकदा दिलीये डिस्क. चांगले लोक आहेत या धंद्यात, पण विचारून घ्या क्लीन रूम (धूळ नसलेली खोली) आहे का. मी ज्याच्याकडे गेलो त्याने माझ्यासमोर काउंटरवर झाकण उघडलं, वर पंखा गरगरतोय. दुसऱ्याने बघितल्यावर म्हणाला प्लॅटरवर (आतल्या तबकडीवर) बोटाचा ठसा आहे.

सर्व्हररूम
टक टक आवाज येत असेल, डिस्क फिरतच नसेल, संगणकाला दिसतच नसेल तर हात लावू नकोस, रिकव्हरीवाल्याकडेच दे. तुझी डिस्क दिसतेय, ४८ सेक्टर सोडून वाचतेय, हे घरी होण्यासारखं आहे. पण एका अटीवर: मूळ डिस्कवर एक अक्षर लिहायचं नाही.
क्रम असा. एक जुना पीसी घे, लिनक्सच्या लाईव्ह पेनड्राईव्हवर चालू कर. १ नंबरची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर काढायची, जीएनयू डीडीरेस्क्यूने, मॅपफाईल देऊन. हा प्रोग्राम शहाणा आहे, सोप्या जागा आधी उचलतो, अवघड जागी अडून न बसता पुढे जातो आणि शेवटी मागे येऊन खरवडतो. मध्येच लाईट गेली तरी मॅपफाईलवरून पुढे सुरू करतो. ४ टीबीला नऊ-दहा तास धर. २ आणि ४ च्या पण प्रती काढल्यास तर मी तुझ्या पाया पडेन.
मग प्रत, २ आणि ४ अशा तिघींनी अ‍ॅरे असेम्बल करायचा (जुळवून उभा करायचा), फोर्स लावून. ३ नंबर कोणतीच नको, जुनी नको, अर्धी रिबिल्ड झालेली नवी पण नको. असेम्बलला डिस्कचा क्रम द्यावा लागत नाही, प्रत्येकीच्या सुपरब्लॉकमध्ये (डिस्कवरच्या रेडच्या नोंदीत) लिहिलेला असतो. युट्यूबवर कुणी 'क्रिएट' कमांड वापरायला सांगेल, ती वापरू नको. क्रिएट जुने सुपरब्लॉक पुसून नवे लिहितं, मग क्रम, चंक (तुकड्याचा आकार), ऑफसेट (डेटा कुठून सुरू होतो) सगळं तुला तंतोतंत माहीत पाहिजे, एक चुकलं तर गेलं. चार डिस्कच्या नुसत्या मांडण्याच २४ होतात.

लेन्सवाला_कराड
तीन प्रतींना तीन डिस्क लागतील. अडतीस घरांचे पैसे अडकलेत हो. दोनच जमतील.

सर्व्हररूम
मग एकीवर १ ची प्रत, दुसऱ्या डिस्कवर ओव्हरले फाईली. ओव्हरले म्हणजे तुझ्या भाषेत ट्रेसिंग पेपर. डिस्कवर पेपर ठेवायचा, जे काही लिहिलं जाईल ते पेपरवर, खालचं चित्र तसंच. चुकलं तर पेपर फाडून नवा. कमांड मी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

मेधा_डोंबिवली
एक विचारू? त्या अडतीस घरांना काय सांगितलंत?

पम्या
काही सांगू नये. डेटा निघाला तर विषय संपला, नाही निघाला तर बघू. उगाच सीझनमध्ये नाव खराब.

ऋतुजा_एस
पम्या, मी त्या बाजूला होते म्हणून लिहिते. २०१४ ला माझं लग्न झालं, व्हिडिओवाल्याची डिस्क गेली. त्याने आठ महिने सांगितलं नाही. एडिटिंग चालू आहे, गाणी टाकतोय, मशीन बिघडलंय, गावी गेलोय. शेवटी माझा भाऊ त्याच्या दुकानात जाऊन बसला तेव्हा रडत म्हणाला गेलं सगळं. व्हिडिओचं दुःख झालंच. पण पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर पाहुण्यांच्या मोबाईलमध्ये बरंच काही होतं हो, आठ महिन्यांत लोकांनी फोन बदलले, मेमरी भरली म्हणून पुसलं. मावशीच्या फोनमधली मंगलाष्टकांची चाळीस सेकंदांची क्लिप तेवढी आहे, त्यात निम्मा वेळ तिच्या अंगठ्याचा.

मेधा_डोंबिवली
+१. निदान त्या नऊ घरांना आज सांगा.

लेन्सवाला_कराड
ताई, तुमचं वाचून मघाशी नऊही घरी फोन केले. दोघं चिडले, एकाने ॲडव्हान्स मागितला परत. बाकीचे पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकतो म्हणाले. आणि एका नवरीच्या आत्याने हळदीचे दोनशे फोटो पाठवून पण दिले, सगळे तिरके. शिवाय दोन लग्नांची कार्डं मी अजून फॉरमॅट केली नव्हती हे त्या फोनाफोनीत आठवलं!! ती दोन सुटली.

बंड्या_न्यूजर्सी
डीडीरेस्क्यू चालवताना कुठून आणि कुठे हे दहा वेळा बघा. उलटं दिलंत तर कोरी डिस्क भरलेलीवर ओतली जाईल. मोठमोठे चुकतात. २०१७ च्या ३१ जानेवारीला गिटलॅबच्या (प्रोग्रामरांचा कोड ठेवणारी साईट) इंजिनियरने रात्री चुकीच्या सर्व्हरवर डिलीट मारलं. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, तोवर ३०० जीबीच्या आसपासच्या डेटाबेसचे साडेचार उरले होते. बॅकअप बघायला गेले तर रोजचा डंप (डेटाबेसची प्रत) आवृत्ती जुळत नाही म्हणून कधीचा फेल होत होता आणि फेल झाल्याचे ईमेलच पोचत नव्हते. कुणीतरी सहा तास आधी सहज काढलेल्या एका स्नॅपशॉटने वाचले. तुमचा बीप निदान तुम्ही ऐकून बंद केला, त्यांचा त्यांना ऐकूच आला नाही.

अण्णा_६९
क्लाऊडवर का ठेवत नाही तुम्ही लोक? आमचं सगळं मोबाईलमधून आपोआप जातं.

लेन्सवाला_कराड
अण्णा, एका लग्नाचे दीडशे-दोनशे जीबी असतात.

खडूस_काका
१०० एमबीपीएसची लाईन पूर्ण वेगाने रात्रंदिवस वर ढकलत राहिली तरी १० टीबीला सव्वानऊ दिवस लागतात. आणि तो वेग कागदावरचा.

चहात_साखर_नको
'डेटा फार मोठा आहे' हे कारण दक्षिण कोरिया सरकारनेही दिलं होतं. २०२५ च्या सप्टेंबरात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटरीमुळे आग लागली, सरकारी कर्मचाऱ्यांची जी-ड्राईव्ह म्हणून साठवण होती, ८५८ टीबी. आकार मोठा म्हणून बाहेर बॅकअपच नव्हता. सगळी जळाली.

कोकणी_बाणा
चूल आठवली.

सर्व्हररूम
लेन्सवाला, कुठवर आलं?

लेन्सवाला_कराड
डिस्क आणल्या, भाचा आलाय (जेवला). काल संध्याकाळी सातला डीडीरेस्क्यू सुरू केलं. पहिल्या पाच तासांत सरळ चाललं, मग एका जागी वेग शून्यावर आला, डिस्क खर्र… टक… खर्र करायला लागली, मी उठून देवापुढे दिवा लावला. भाचा म्हणाला मामा ते पुढे गेलंय बघ. आत्ता सकाळी ९९.९९ टक्के, १४ ठिकाणी मिळून ११२ केबी राहिलंय, तेच घासतंय.

सर्व्हररूम
थांबव आता. ११२ केबीसाठी डिस्कचा जीव नको घेऊस. आता एक्झामिन कमांड चालवून प्रत्येकीचा 'इव्हेंट्स' आकडा इथे टाक. हा आकडा अ‍ॅरेत काही बदल झाला की वाढतो, कोण किती मागे आहे ते त्यावरून कळतं.

लेन्सवाला_कराड
२ नंबर: १८४२१२
४ नंबर: १८४२१२
१ ची प्रत: १८४१९७

सर्व्हररूम
पंधराचा फरक. याहून चांगली बातमी आज मिळणार नाही. ओव्हरले लाव, फोर्स असेम्बल कर, वर एलव्हीएम (डिस्कचे भाग सांभाळणारा थर) असेल तर ते जागं कर, मग फाईल सिस्टीम माउंट कर, पण रीड ओन्ली आणि नोलोड लावून, म्हणजे तो जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची वही) फिरवायला जाणार नाही. दुरुस्ती करू का असं काही विचारलं तर नाही म्हण.

पम्या
मी ऑफिसात दर पाच मिनिटांनी हा धागा रिफ्रेश करतोय. साहेबाला वाटतंय मार्केट बघतोय.

झोपाळू
मी पण. काही कळत नाहीये तरी.

लेन्सवाला_कराड
दिसलं!!!!
फोल्डर दिसले. २०१९, २०२०, सगळे. भाच्याने पहिलं उघडलं ते माझ्या वडिलांचं फोल्डर, कोयनेच्या धरणावरचा फोटो, आई कडेला उभी. मी जरा बाहेर जाऊन आलो.

मेधा_डोंबिवली
😭 पेढे!

खडूस_काका
आधी कॉपी करा. पेढे नंतर. अ‍ॅरे अजून एका पायावर उभा आहे.

लेन्सवाला_कराड
हो काका, लावलीये. एका मित्राची १२ टीबीची एक्सटर्नल उसनी आणली. पीसीवर टेबल फॅन मारलाय आणि दारावर कागद चिकटवलाय, 'आत येऊ नये, बटणाला हात लावू नये'. आईने तरी आत येऊन झाडू मारलाच.

(दोन दिवसांनी)

लेन्सवाला_कराड
सव्वीस तास लागले. ८.७ टीबी उतरलं. नऊही लग्नं आहेत. आतापर्यंत तीन फाईली खराब सापडल्या, २०२१ च्या एका हळदीच्या दोन रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ फाईली) आणि २०१९ ची एक वरात, त्यात तीन-चार सेकंद नवरदेवाचा घोडा हिरवा दिसतो. अल्बम केव्हाच देऊन झालेत, चालेल. बाकीच्यात कुठे खराब आहे ते कसं शोधू, दोन लाख फोटो उघडून थोडीच बघणार?

सर्व्हररूम
डीडीरेस्क्यूला फिल मोड आहे. न वाचलेल्या जागांत एखादा विचित्र शब्द भरायचा आणि मग सगळ्या फाईलींत तो शब्द शोधायचा. ज्यात सापडेल ती खराब.

खडूस_काका
अर्धंच बरोबर. ३ नंबर नाहीच, तिच्या वाट्याचं सगळं बाकी तिघींवरून हिशोबाने येतंय. खराब जागेच्या ओळीत ३ चा तुकडा असेल तर तिथे तो शब्द दिसणार नाही, एक्सॉर होऊन कचरा दिसेल. शब्द शोधून झाल्यावर रॉ फाईली एखाद्या कन्व्हर्टरमधून रात्रभर काढा, ज्या अडतील त्या लिहून घ्या.

सर्व्हररूम
मान्य काका. हे माझ्या डोक्यात नव्हतं आलं.

चहात_साखर_नको
काकांना कुणीतरी मान्य म्हटलं. धाग्याला कुलूप लावा आता.

ऋतुजा_एस
पुढे काय करणार मग? परत रेड ५?

लेन्सवाला_कराड
रेड असेल, पण मी त्याला बॅकअप म्हणणार नाही. प्रत्येक लग्न अल्बम देईपर्यंत बॉक्सवर आणि एका सुट्या डिस्कवर, कार्ड तोवर फॉरमॅट नाही. ती सुटी डिस्क दर शनिवारी बहिणीच्या घरी मलकापूरला जाणार, भाचाच नेतो. वडिलांचे स्कॅन ६० जीबीच आहेत, ते आज क्लाऊडवर चढवले. आणि त्या मूळ निगेटिव्ह माळ्यावरून खाली काढल्यात, कोकणी_बाणा, पत्र्याच्या पेटीतच आहेत. ऋतुजाताई, बुरशी नाहीये, बघितलं.

झोपाळू
आणि बीप?

लेन्सवाला_कराड
बीप चालू ठेवलाय. आता ईमेल पण येतो, माझ्या आणि भाच्याच्या फोनवर. काल मुद्दाम एक डिस्क ओढून बघितली आला का. आला. (कॉपी झाल्यावर, नव्या अ‍ॅरेची, काका ओरडू नका.)

खडूस_काका
ओरडणारच होतो.

राजेश_विटा
नमस्कार, धागा आत्ताच पाहिला. पूर्ण वाचला नाही पण माझ्याकडे सेम प्रॉब्लेम झाला होता, मी सरळ इनिशियलाईज केलं आणि बॉक्स एकदम मस्त चालू झाला, अजून काही त्रास नाही. करून बघा.

लेन्सवाला_कराड
राजेशभाऊ, डेटा?

राजेश_विटा
नवीनच होता बॉक्स, आत काही नव्हतं.